चुलीची परीक्षा पऱ्हाटीवर घ्या



चाकणच्या पट्ट्यात बनणारे मोटारीचे नवे मॉडेल धुराच्या चाचणीत उतरल्याशिवाय बाजारात जात नाही. एप्रिल २०२३ पासून तर प्रयोगशाळेतली चाचणीही पुरत नाही. मोटार रस्त्यावर चालवून धूर मोजावा लागतो.

मग चुलीचे काय? सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ साली निघाला, २००२ साली गुंडाळला गेला. २०१३ च्या भारतीय मानकाने साध्या चुलीसाठी २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के कार्यक्षमता ठरवली. धुरालाही मर्यादा घातली. मापदंड चांगला. पण परीक्षा होते एका मापाच्या, भट्टीत वाळवलेल्या लाकडावर, पाणी तापवून. आमच्या घरी जळते पऱ्हाटी, तुराटी, ज्वारीची धसकटे; पावसाळ्यात तीही ओलसर. भाकरीला तव्याखाली जाळ लागतो आणि फुगायला बाजूला आर. पाण्याच्या परीक्षेत हे कळत नाही.

वाण विद्यापीठाच्या प्लॉटवर कितीही पिकले तरी कोरडवाहू रानात पेरून पाहिल्याशिवाय त्याची शिफारस करू नये, हे आम्ही शेतकीच्या शिक्षणात शिकलो. चुलीलाही तोच नियम लावा. कोणी चूल विकायला वा वाटायला आले, तर आधी पाच घरांत आठवडाभर ठेवायला सांगा. रोज सरपण ताणकाट्यावर तोला, रात्री उरलेले तोला, जेवणारी माणसे मोजा. जुन्या चुलीचाही आठवडा असाच मोजा.

धूर मात्र ताणकाट्यावर तोलता येत नाही. तो निकाल पुरुषांनी देऊ नये. जिच्या डोळ्यांत तो जातो, तीच परीक्षक.