फळ सोडणं म्हणजे तप नव्हे



आपल्या बायकांत सध्या एक नवाच त्याग सुरू झालाय. तो ना महाराजांनी दिलेला, ना आईने शिकवलेला. "मी फळ बंद केलंय, फळात कार्ब असतं ना!" हे मी सांगलीत ऐकलं, कराडला ऐकलं, साताऱ्याला नणंदेकडेही ऐकलं. तासगाव-मिरज भागात जिचं आयुष्य द्राक्षबागेच्या बांधावर गेलं, ती आक्कासुद्धा द्राक्षाचा घड पुढे केला की हात मागे घेते. आणि त्याच हाताने भडंगाची वाटी उचलते! भडंग म्हणजे चुरमुरे, आणि चुरमुरे म्हणजे तांदूळच की.

मला हे पटत नाही. कार्ब मोजायला माझी हरकत नाही. पण मोजायचंच तर सगळं मोजा.

100 ग्रॅम पेरूत साधारण 14 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातले 5 ग्रॅम नुसते तंतू. महाबळेश्वरच्या 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत 8 ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. पपईत 11, द्राक्षात 18. आता आपला चहा घ्या. कपात दोन चमचे साखर म्हणजे 8 ते 10 ग्रॅम. दिवसाचे चार कप झाले तर 32 ते 40 ग्रॅम, आणि त्यात तंतू शून्य. ज्वारीच्या 40 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 28-30 ग्रॅम. उपासाचा साबुदाणा तर 100 ग्रॅमला 85 च्या पुढे. मग वजन वाढवल्याचा आरोप एकट्या पेरूवर का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखर कमी करा असं सांगितलं, तेव्हा त्यात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रसही धरला. अख्ख्या फळातली साखर धरली नाही. 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. अख्खी द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं, रस पिणाऱ्यांत जास्त. म्हणून द्राक्ष हे औषध ठरत नाही, पण ते शत्रूही ठरत नाही. फळ चावून खाणं वेगळं आणि गाळून पिणं वेगळं, एवढं मात्र कळतं. बेदाण्याचंही तसंच. पाणी उडालं की 100 ग्रॅमला 79 ग्रॅम कर्बोदकं उरतात. दहा बेदाणे ठीक, मूठ-मूठ नको.

दुसरी गोष्ट आपल्या ताटाची. हे डाएटचे तक्ते आपल्यासाठी लिहिलेलेच नसतात. त्यात अंडं असतं, गाजर-बिटाची कोशिंबीर असते, भिजवलेले अंजीर असतात. आपल्याकडे कंदमूळ नाही, अंजीर उदुंबर फळांत येतं म्हणून अनेक घरी ते नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर काहीच नाही. आधीच नेमकं उरलेलं ताट, त्यातून फळही काढलं तर उरतं काय? भाकरी, डाळ आणि पनीर! मग बद्धकोष्ठ होतं, थकवा येतो, आणि कोणीतरी शहाणं म्हणतं, "तुमच्या जैन जेवणातच दम नाही." दोष जेवणाचा नसतो गं, तक्त्याचा असतो.

तिसरी आणि मला सगळ्यात खुपणारी गोष्ट. याला काहीजणी "तप" म्हणायला लागल्यात. आपल्याकडे बाह्य तपं सहा. त्यातलं अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं, आणि रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतल्या रसांवरची आसक्ती सोडणं. कंबर किती इंच उतरली हे आरशात बघण्यासाठी सोडलेलं फळ यात कुठे बसतं? वजन कमी करा, जरूर करा, गुडघे वाचतील. पण त्याला धर्माचं नाव देऊ नका. चौदा-पंधरा वर्षांच्या लेकी हे ऐकत असतात. आई फळ टाकते आणि त्याला पुण्य म्हणते, हे बघून त्या उद्या जेवणच टाकतील.

मग करायचं काय? एका वेळी एक फळ, साधारण 100 ग्रॅम: मध्यम पेरू किंवा वीसेक द्राक्षं. पोटभर जेवणावर वरून नाही. ते जेवणातच धरा आणि भाकरी अर्धी कमी करा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवणाऱ्यांनी मधल्या वेळेत खाऊ नये, ताटासोबत घ्यावं. रस काढू नका, साखर पेरू नका. आमरस-पुरीच्या दिवशी तिसरी वाटी नको. आंब्याची फोड खा. किवी-ब्लूबेरीला पैसे घालवण्यापेक्षा दारात येणारं घ्या: थंडीत पेरू, स्ट्रॉबेरी, मग द्राक्षं, आटपाडीकडचं डाळिंब. ज्या फळाचा नियम घेतलाय तो मोडू नका, दुसरं खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

त्याग करायचाच असेल तर चहातल्या दुसऱ्या चमच्याचा करा. तो कोणाला दिसणार नाही, हळदी-कुंकवात सांगताही येणार नाही. पण वजनही उतरेल आणि रसपरित्यागही खरा होईल.