काठी आणताना माप घ्या

गेल्या सुट्टीत आम्ही भावंडांनी आजोबांसाठी कुवेतहून काठी नेली. चकचकीत पॉलिशची, पितळी मुठीची. आजोबांनी ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली. पण संध्याकाळी देवळात निघाले ते जुनीच बांबूची काठी टेकत! आम्ही रुसलो. तेव्हा आजी म्हणाली, "अरे, ती उंच होते त्यांना. दोन वर्षांत किती वाकलेत बघा."

आम्ही रंग पाहिला, मूठ पाहिली, पण माप विचारलेच नाही. काठीचे माप सोपे असते. पायांत चपला घालून उभे राहावे, हात सैल सोडावा. मूठ मनगटापर्यंत आली पाहिजे.

काठीचे काम नीट ओळखायला हवे. आयर्लंडमध्ये ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाच्या काठ्या करतात. लाकूड तडकू नये म्हणून ते महिनोन् महिने सावकाश वाळवतात. जाड गाठीच्या सोट्याला तिकडे 'शिलेली' म्हणतात; विकलो परगण्यात याच नावाचे गाव आहे. पूर्वी तेथे जत्रेत अशा सोट्यांनी मारामाऱ्या होत. आपल्याकडेही लाठीला तेल पाजतात आणि लाठीचे हात शिकवतात. पण धनगराची काठी मेंढरे वळवते, दमला की त्यालाच आधार देते. अरबीत काठीला 'असा' म्हणतात. कुराणातले हजरत मूसाही सांगतात, की या काठीवर मी टेकतो आणि शेळ्यामेंढ्यांसाठी झाडाचा पाला पाडतो. म्हणजे काठी उगारण्यापेक्षा टेकण्यासाठीच जास्त, असे आमचे मत आहे.

मराठीत मुलांना 'म्हातारपणाची काठी' म्हणतात. आमची गंमत अशी, की काठी कुवेतला आणि म्हातारपण साताऱ्याला! रोज जवळ राहणे आम्हाला जमणार नाही. पण फोनवर "बरे आहात ना?" एवढेच विचारून रिसीव्हर आईकडे देणे आता बंद. गुडघा कोणता दुखतो, जिना चढवतो का, देवळापर्यंत किती वेळा बसावे लागते, हे विचारायला मराठी यायलाच हवे. म्हणून शुक्रवारची झोप मोडून वर्गाला येण्याबद्दल आमची आता तक्रार नाही.

शेवटी सुताराने नवी काठी खालून दोन बोटे कापून दिली. आता आजोबा तीच घेऊन देवळात जातात.

मित्रांनो, यंदा गावी काठी न्याल तर आधी फोन करा आणि माप विचारा.