कॉम्प्युटरची देखभाल कोणाच्या नावावर?

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाऊन विचारा: कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कोण काढतं? फोर्कलिफ्टची बॅटरी कोण चार्जिंगला लावतं? लगेच नाव मिळतं. मग विचारा, ज्या कॉम्प्युटरवर सगळी ड्रॉइंग, कोटेशनं आणि कटिंग लिस्ट आहेत, त्याची देखभाल कोण करतं? उत्तर येतं, "बिघडला की आयटीवाल्याला फोन करतो."

माझ्या मते ही देखभाल त्या कॉम्प्युटरसमोर रोज बसणाऱ्या माणसाने शिकून घ्यायला हवी. आपल्याकडून इथे येणारा ड्राफ्ट्समन ऑटोकॅड शिकून येतो, हिशेबवाला टॅली, स्टोअरकीपर एक्सेल. पण या सगळ्यांच्या खाली चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम कोणीच शिकत नाही. कोणाला काय करायची मुभा आहे, कुठला प्रोग्रॅम चालू आहे आणि फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे, हे तीच ठरवते. प्रोग्रॅम वापरता येणं ही एक गोष्ट झाली. या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधता येणं ही दुसरी, आणि तिलाच सिस्टीम सांभाळणं म्हणतात.

मुभेपासून सुरुवात करू. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक तत्त्व मांडलं: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला कामापुरतीच मुभा द्यावी, जास्त नाही. छोट्या ऑफिसात नेमकं उलटं होतं. एकच अॅडमिन खातं, एकच पासवर्ड, आणि तो मॉनिटरला चिकटवलेला. तुम्ही उघडलेला प्रोग्रॅम तुमचीच मुभा घेऊन चालतो. म्हणजे अॅडमिन खात्यातून खोटं 'इन्व्हॉइस' उघडलं, तर त्यातल्या घातक प्रोग्रॅमला अख्खी सिस्टीम बदलायची वाट मोकळी होते. रोजच्या कामाला साधं खातं आणि नवीन काही बसवताना तेवढं अॅडमिन, एवढ्या सवयीने नुकसान बरंच आवरतं. फुकट होणारं काम आहे.

दुसरा मुद्दा अपडेटचा. २०१७ सालचा वॉनाक्राय आठवतो? विंडोजच्या ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधे जवळजवळ दोन महिने होते. तरीही ब्रिटनमधली रुग्णालयं अडली आणि रेनोसारख्या कंपनीला काही कारखान्यांत उत्पादन थांबवावं लागलं.

"पण आमच्या कटिंग मशीनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं," असं कोणी म्हणेल. खरं आहे. असा कॉम्प्युटर लगेच बदलणं परवडत नाही. पण त्याला इंटरनेटपासून तोडता येतं आणि त्यावर मेल उघडणं बंद करता येतं. हा निर्णय घ्यायला सिस्टीमची समज लागते, मोठं बजेट नाही.

तिसरी गोष्ट बॅकअप. साधं खातं वापरलं तरी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम तुमच्या स्वतःच्या फाइलींना हात लावू शकतोच. आणि प्रत्येक संकट इंटरनेटवरून येत नाही. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात शारजातले रस्ते तलाव झाले होते. कॉम्प्युटर टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पाणी दोन्हींना गाठतं. एक प्रत दुसऱ्या जागी हवी. शिवाय महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल परत आणून उघडून बघायला हवी. जो बॅकअप कधी उघडूनच बघितला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आक्षेप येईल की कामगाराच्या हाती अॅडमिन देणं धोक्याचं. पण आज ते खातं न शिकलेल्याच्या हाती आहेच. सिस्टीम शिकलेला माणूस ते खातं कमी वेळा वापरतो. अर्थात मालकाला विचारून, लेखी ठरवूनच हे करावं. आयटीवालाही लागेलच. पण त्याला "चालत नाही" सांगण्याऐवजी "डिस्क भरली आहे" असं सांगता आलं, तर काम लवकर सुटतं.

शिकायचं कशावर? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे बरेच कॉम्प्युटर आता कोपऱ्यात पडतील. त्यातला एक मागून घ्या, त्यावरचा डेटा मालकाच्या संमतीने काढून टाका आणि लिनक्स बसवा. लिनक्सवर सेटिंगच्या बहुतेक फाइली साध्या मजकुरात असतात, उघडून वाचता येतात. काय बिघडलं याची नोंदही सिस्टीम लिहून ठेवते. खातं बनवा, परवानगी काढून घ्या, मुद्दाम बिघडवा, पुन्हा बसवा. इथे शिकलेली समज विंडोजवरही उपयोगी पडते, कारण नावं बदलली तरी प्रश्न तेच असतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे धडे मराठीतून मोफत मिळतात. इंग्रजी कच्चं आहे, ही सबब तिथे चालत नाही.

आखातात नोकरी कधी बदलेल सांगता येत नाही. व्हिसा कंपनीचा असतो, पण ही विद्या आपल्यासोबत पुढच्या शॉपमध्ये येते. पुढच्या सुट्टीच्या आत तीन गोष्टी करून बघा: आपण कुठल्या खात्यात काम करतो ते तपासा, शेवटचं अपडेट कधी झालं ते बघा, आणि बॅकअपमधून एक जुनं ड्रॉइंग परत आणून उघडा. तिसरी जमली नाही, तर शिकायला तिथूनच सुरुवात करा.