वादळानंतरचा नगराध्यक्ष

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन भागातील छपरे उडविली, विजेचे खांब लोळविले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. सेमाडोहच्या सागवानी रानातील आमच्या वाचकास समुद्र दूरचा वाटेल. परंतु आमच्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मोवाड या लहानशा नगरपरिषदेच्या गावाने 30 जुलै 1991 रोजी वर्धेच्या पुरात 204 माणसे गमावली, हे विसरता येत नाही. संकट वाऱ्याचे असो वा पाण्याचे, त्यातून लहान शहर उभे कोणी करावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

घर महिन्याभरात पुन्हा शाकारता येते. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यावयास सहा-सात वर्षे लागतात. मंत्र्यांचा दौरा व ताडपत्र्यांचे वाटप एवढ्यात संपणारे हे काम नव्हे. सरकारने फळबागांस प्रथम हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले आणि मागाहून नारळाच्या झाडास 250 व पोफळीस 50 रुपये ठरविले. कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजावयाची असते, हेक्टरांत नव्हे, ही गोष्ट तेथील कोणत्याही नगरसेवकाने पहिल्याच दिवशी सांगितली असती. मात्र त्यास विचारतो कोण!

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांस व सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांस दिले. मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणीचे ओझे त्याच कायद्याने नगरपरिषदेच्याही अंगावर टाकले. पण तिच्या अध्यक्षास त्या मंडळावर हक्काची जागा ठेविली नाही. 2025 च्या दुरुस्तीने शहरी प्राधिकरणांची सोय झाली खरी, तथापि ती राजधान्या व महापालिकांची शहरे यांच्यापुरती. त्यातही अध्यक्ष आयुक्त व उपाध्यक्ष जिल्हाधिकारी! निवडून आलेला महापौर तेथेही बाहेरच उभा.

कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये झाल्या आणि श्रीवर्धनसह ठिकठिकाणी लोकांनी थेट मताने नगराध्यक्ष निवडले. ज्यास साऱ्या शहराने निवडले, त्यास वादळाच्या दिवशी अर्जदारांच्या रांगेत उभे करणे आम्हास शोभत नाही. नगराध्यक्ष हा पक्षाचा माणूस, तो मदत आपल्याच मंडळींस वाटील, असा आक्षेप येईल. आक्षेप पोकळ नाही. त्यावर उपाय एवढाच की, मदतीची यादी नावानिशी व रकमेनिशी नगरपरिषदेच्या दारावर लावावी. शेजारी शेजाऱ्याचे नुकसान जाणतो. बंद कचेरीत तयार होणाऱ्या यादीपेक्षा ती अधिक खरी ठरेल.

प्रत्येक नगरपरिषदेच्या अध्यक्षास जिल्हा प्राधिकरणावर जागा मिळावी आणि संकटसमयी मंजुरीची वाट न पाहता खर्च करता येईल असा निधी त्याच्या सभेच्या स्वाधीन असावा, अशी आमची सरकारास स्पष्ट मागणी आहे. तोवर नव्या अध्यक्षांनी हात जोडून बसू नये. कच्ची छपरे, वाड्यांतील झाडे, एकटे राहणारे वृद्ध व आश्रयास योग्य शाळा यांची नोंद पावसाळ्यापूर्वी करून ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. श्रीवर्धनात ती व्हावी, तशीच आमच्या चिखलदऱ्यासही व्हावी.