शिष्यवृत्ती मंजूर, शिष्यवृत्तीचा माणूस नामंजूर

विद्यार्थ्यांनो, पालकांनो, आणि वाचणार असतील तर संस्थाचालकांनो,

दिवाळीच्या आगेमागे राज्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात जा, एका खिडकीपुढे भांडण चाललेले दिसेल. ‘महाडीबीटी’ या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरून महिना झाला, तरी तो ‘क्लार्क लेव्हल’लाच अडकलेला. आतल्या मॅडम म्हणतात, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपला, नवा आणा. बाप मजुरी बुडवून आलेला असतो, तो आवाज चढवतो. मॅडमचाही आवाज चढतो. रांग अर्थातच बापाच्या बाजूने.

आम्हीही बापाच्याच बाजूचे आहोत. म्हणूनच सांगतो, हे भांडण चुकीच्या माणसाशी चालले आहे. आणि ते असेच चालू राहण्यात ज्यांची सोय आहे, ते त्या खिडकीत कधी बसत नाहीत.

त्या खिडकीत कोण बसते, ते आधी पाहा. अनुदानित महाविद्यालयाच्या मंजूर पदांत कनिष्ठ लिपिक आहे, वरिष्ठ लिपिक आहे, मुख्य लिपिक, अधीक्षक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, सगळे आहेत. शिष्यवृत्तीसाठी वेगळे पद नाही. योजना डझनावारी आणि त्या चालवायला मंजूर माणूस शून्य. मग प्राचार्य जो सापडेल त्याला बसवतात. प्रवेश, परीक्षा अर्ज, बोनाफाईड आणि टीसी सांभाळून उरलेल्या वेळात तो शिष्यवृत्ती ‘पाहतो’. विनाअनुदानित महाविद्यालयात तर तो बहुधा कंत्राटी असतो. आज आहे, पुढच्या जूनमध्ये असेल की नाही, त्यालाच ठाऊक नसते.

काम किती असते म्हणता? समाजकल्याणच्या योजना वेगळ्या, आदिवासी विकासच्या वेगळ्या, इतर मागास बहुजन कल्याणच्या वेगळ्या, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण आणि अल्पसंख्याक विकास यांच्या आणखी वेगळ्या. प्रत्येकीची उत्पन्नमर्यादा निराळी आणि कागद निराळे. आधारवर आईचे नाव ‘मंदाबाई’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मंदाकिनी’. अर्ज सायबर कॅफेत भरला आणि कॅफेवाल्याने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला, आता ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. आईवडील ऊसतोडीला गेलेले, तहसीलला दाखला काढायला घरी कुणी नाही. पैसे मंजूर झाले, पण आधार शेवटी ज्या बँकेला जोडले गेले तिथे जमा झाले. ते खाते सिम घेताना कधीतरी उघडलेले, मुलाला त्याची आठवणही नाही. ही प्रत्येक गाठ सोडवायची ती त्याच खिडकीत, सर्व्हर चालू असेल त्या वेळात. दुपारी चालला नाही तर रात्री, घरून.

‘महाडीबीटी’ पोर्टल २०१७-१८ ला आले आणि पहिल्याच वर्षी असे कोसळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. चूक मुंबईत झाली, शिव्या तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ लिपिकाने खाल्ल्या. त्यानंतरही दरवर्षी एक पत्र ठरलेले: अमुक तारखेपर्यंत महाविद्यालय स्तरावरचे प्रलंबित अर्ज निकाली काढा, विद्यार्थी वंचित राहिल्यास सर्वस्वी जबाबदारी प्राचार्यांची. प्राचार्य ते पत्र वाचतात आणि खाली एका नावापुढे बाण काढतात. जबाबदारी अशी जिने उतरत येते. वर जाताना ती कुणी पाहिलेली नाही.

पैशाची वाट बदलली तेव्हाही हेच झाले. २०२०-२१ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. राज्याने आपला वाटा दिला की केंद्र आपला हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकते. पैसा मधल्यामध्ये कुणी खाऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण त्या रकमेत महाविद्यालयाची फीसुद्धा असते, आणि ती मुलाने आपल्या हाताने भरायची असते. घरात बियाण्याची उधारी थकलेली, आजी दवाखान्यात. पैसे येतात आणि त्याच आठवड्यात संपतात. मग संस्थाचालक त्याच लिपिकाला फर्मावतात, पोरांना फोन लावा, वसुली करा. मदत मिळवून द्यायला बसवलेल्या माणसाला यांनी सावकाराचा मुनीम करून टाकले.

आणि त्याचा स्वतःचा पगार? विनाअनुदानित संस्थांत पगार थकला की व्यवस्थापनाचे उत्तर तयार असते: शासनाकडून शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती आलेली नाही. म्हणजे ज्या पैशासाठी मुलगा खिडकीबाहेर उभा आहे, त्याच पैशासाठी आतला माणूसही अडकून बसला आहे. दोघे एकमेकांवर खेकसतात, आणि ज्यांनी पैसे थकवले त्यांच्या कानावर त्यातले काहीच जात नाही. याहून स्वस्त बंदोबस्त कोणत्या सरकारला मिळेल?

आता दुसरी बाजूही बोलू, नाहीतर हे पत्रक कर्मचाऱ्यांच्या वकिलाने लिहिले असे म्हणाल. खिडकीत काही माणसे वाईट आहेत. भर रांगेत ‘एससीवाले इकडे, ओपनवाले तिकडे’ असे ओरडणारे आहेत. ‘फुकट शिकता आणि वर घाई करता’ असे ऐकवणारे आहेत. अर्ज पुढे ढकलायला चहापाणी मागणारे आहेत. फी येईपर्यंत मूळ कागदपत्रे दाबून ठेवा, हा संस्थेचा बेकायदा हुकूम निमूट पाळणारे आहेत. यांची आम्ही गय करणार नाही, तुम्हीही करू नका. लेखी तक्रार करा. जातीवरून अपमान झाला असेल तर त्याला कायदा आहे.

पण हेही ध्यानात घ्या. मोठी चोरी त्या खिडकीतून झालेली नाही. कागदावरचे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१६ मध्ये राज्य सरकारला पोलीस अधिकारी डॉ. के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष कार्यदल नेमावे लागले. खोटा पट उभा करायला संस्था लागते, सही लागते, वर डोळेझाक करणारे कार्यालय लागते. साध्या लिपिकाच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

ही योजना कुणाच्या मेहेरबानीने चाललेली नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ऐंशी वर्षे झाली. आज बी.ए.ला घरून ये-जा करणाऱ्या मुलाला या योजनेतून वर्षाला ३००० रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. तो मिळवायला तहसीलच्या फेऱ्या, झेरॉक्स, कॅफेवाल्याचे पैसे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. आम्ही त्याचे स्वागत केले. पण घोषणेच्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट विचारावीशी वाटली: या मुलींचे अर्ज तपासणार कोण? त्यासाठी किती पदे भरली? समाजकल्याण विभागाने महाविद्यालयांत ‘समान संधी केंद्र’ उघडायला लावले, तेव्हाही हीच गोष्ट. पाटी नवी, खुर्ची जुनी, आणि खुर्चीत तोच थकलेला माणूस.

हे कर्मचारी आहेत, हे राज्याला एकदाच नीट कळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, विद्यापीठांचे पेपर पुढे गेले, आणि रिक्त जागा हा शब्द चार दिवस बातम्यांत आला. पाचव्या दिवशी गेला.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. प्रत्येक महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे स्वतंत्र, कायम पद मंजूर करा, आणि पटावरच्या लाभार्थ्यांची संख्या वाढली की पदेही वाढवा. पोर्टल बदलले तर आधी या माणसांना शिकवा, मग मुदत लावा. सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप पुढे. जात मोठ्याने विचारावी लागणार नाही अशी बसायची जागा द्या. ही मागणी काहींना किरकोळ वाटते, तिच्यासाठी आम्ही सगळ्यात जास्त भांडणार आहोत, कारण पहिल्याच महिन्यात त्या रांगेतून परत फिरलेल्या मुली आम्हाला माहीत आहेत. फी-वसुलीचे काम या खिडकीतून काढून घ्या. आणि प्रतिपूर्ती थकली म्हणून पगार थांबवणाऱ्या संस्थेने आधी आपला ताळेबंद दारावर लावावा.

तुम्ही काय करायचे? खिडकीवर जाल तेव्हा अर्ज कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे थांबला आहे, ते लिहून घ्या. आतला माणूस चांगला असेल तर तोच सांगेल की अडचण त्याच्याकडे नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. महाविद्यालयाला विचारा: शिष्यवृत्तीच्या कामावर किती माणसे नेमली आहेत, त्यांतली कायम किती, आणि आज लिपिक व प्राचार्य स्तरावर प्रत्येकी किती अर्ज पडून आहेत? जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना विचारा: तुमच्याकडे किती अर्ज आहेत आणि सर्वांत जुना कोणत्या तारखेचा? दोन्ही उत्तरे आली की शेजारी शेजारी ठेवून महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावा.

पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे. अर्जाचा कच्चा मसुदा तिथेच लिहा, आणि न समजलेले शिष्यवृत्तीच्या खिडकीतल्या माणसाला विचारा.