युरोपची मोटार सहल : आधी रस्त्याचा हिशेब

हल्ली धंद्यात जरा स्थिरावलेली मंडळी टूर कंपनीच्या बसऐवजी स्वतः गाडी चालवत युरोप पाहण्याचे बेत करू लागली आहेत. चार-पाच देश, पंधरा दिवस, दोन भाऊ आणि त्यांची कुटुंबे असा साधारण थाट असतो. बेत वाईट नाही. भल्या पहाटे उठवणारा गाईड नाही, खाण्याच्या व नमाजाच्या वेळा आपल्या हाती, आणि मनात येईल तेथे थांबता येते. आमची तक्रार आहे ती आखणीबद्दल. दुकानात माल भरताना पै-पैचा हिशेब करणारा माणूस येथे मात्र प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, भाड्याच्या गाडीचा रोजचा दर पाहतो, त्यात पेट्रोल मिळवतो आणि खर्च निघाला असे समजतो.

युरोपात आता सीमा उरल्या नाहीत, हे अर्धेच खरे आहे. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. बल्गेरिया व रुमानिया हे १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरील सीमांसह त्यात पूर्णपणे सामील झाले. एका व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते, पण ही सवलत माणसाला आहे. त्याच्या गाडीकडून रस्त्याचे पैसे प्रत्येक देश आपापल्या रीतीने घेतो. आपल्याकडे एकच फास्टॅग देशभर चालतो, तशी सोय तेथे नाही. मुंबईच्या वेशीवर २०१७ पर्यंत जकात भरलेल्या व्यापाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागू नये.

एक उदाहरण घेऊ. म्युनिकला गाडी घेतली, साल्झबुर्ग, ल्युब्लियाना, व्हेनिस, इन्सब्रुक असे फिरून पुन्हा म्युनिकला सोडली. अंतर साधारण १२०० किलोमीटर, देश चार. जर्मनीत मोटारीला महामार्गाचा टोल नाही. तो लावण्याचा तेथील सरकारचा बेत होता, पण भार परदेशी वाहनांवरच पडतो म्हणून युरोपीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो बेकायदा ठरवला. ऑस्ट्रियात शिरताच व्हिन्येट लागते, म्हणजे ठरावीक दिवसांचा रस्ता-परवाना. तो काचेवर चिकटवायचा किंवा गाडीच्या नंबरावर ऑनलाइन नोंदवायचा. एवढ्याने भागत नाही. टाऊर्न महामार्गाचे बोगदे, स्लोव्हेनियाच्या हद्दीवरचा काराव्हांकेन बोगदा आणि परतीचा ब्रेनर घाट यांचे पैसे वेगळे. स्लोव्हेनियाचे व्हिन्येट स्वतंत्र. इटलीत मात्र नाक्यावर तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे भरायचे. कोणी स्वित्झर्लंड जोडू म्हणेल, तर तेथे एका दिवसासाठीही वर्षाचेच व्हिन्येट घ्यावे लागते, किंमत ४० फ्रँक. एक देश वाढवला की नुसते अंतर वाढत नाही, खर्चाचे एक नवे खातेही उघडते.

आम्ही वरचा मार्ग मुद्दाम गोल घेतला. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर भाडे कंपन्या रिकामी गाडी परत आणण्याचे पैसे लावतात, आणि ती रक्कम कधी कधी सगळ्या भाड्याच्या बरोबरीने जाते. शिवाय गाडी कोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे, हे करारात लिहिलेले असते. ते सही करण्यापूर्वी वाचावे. विमा असला तरी नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा भाडेकरूच्याच माथी असतो, आणि त्यापोटी कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. आणखी एक गोष्ट : तेथे साध्या गिअरची गाडी स्वस्त आणि ऑटोमॅटिक महाग. पण उजव्या बाजूने प्रथमच चालवणाऱ्याने येथे काटकसर करू नये, असे आम्हाला वाटते.

दंडाचेही असेच. फ्लॉरेन्स, रोम यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेण्यास मनाई आहे. वाटेत पोलीस दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. भाडे कंपनी आपले नाव कळवते, त्या कामाचे शुल्क वेगळे कापते, आणि दंडाची नोटीस परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. म्हणून मुक्काम शहराबाहेर करावा. व्हेनिसला तर गाडी शहरात फिरतच नाही. मेस्त्रे येथे ठेवून दहा मिनिटांच्या रेल्वेने जावे. इटली व ऑस्ट्रियात आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो येथील आरटीओतूनच घ्यायचा असून वर्षभर चालतो.

एवढे धरूनही चार-पाच माणसे एका गाडीत असतील तर ही सहल परवडते, असे आमचे मत आहे. दोघेच असाल तर रेल्वेचे भाव आधी काढा. आणि पंधरा दिवसांत चारच्या वर देश नकोत. नाहीतर युरोप काचेतूनच पाहाल.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचे शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जेथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. तेव्हा कोणत्या गावी किती रात्री, हा कागद अर्जाच्या आधी तयार हवा.