तोट्याचा शेअर विकवत का नाही?

शेअर बाजारात आकडे बोलतात, पण निर्णय मन घेते, असे मला वाटते. जानेवारी १९९२ मध्ये दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये साडेचार हजारांच्या घरात गेला. शेजारी कमावतो म्हणून अनेकांनी शिल्लक बाजारात ओतली. मग हर्षद मेहता प्रकरण फुटले, भाव कोसळले. तरी पुष्कळांनी शेअरचे कागद कपाटात जपून ठेवले.

असे का? डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले, की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गमावल्याचे दुःख अधिक बोचते. विकले की तोटा कबूल करावा लागतो. म्हणून नफ्याचा शेअर आपण घाईने विकतो, तोट्याचा उराशी धरतो.

आता कागद गेले, मोबाइल आला. मन तेच राहिले. ‘सेबी’च्या २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्स खेळणाऱ्या शंभरांतील ९३ व्यक्तींनी पैसे घालवले.

घरोघर एकच प्रश्न विचारावा : हा शेअर आज आपल्याकडे नसता, तर याच भावाने घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मुलांच्या शिक्षणाची पुंजी नुसत्या आशेवर टांगलेली आहे, असे समजावे.